इंटरनेटच्या पेठेतील अदृश्य अडते

- विशेष प्रतिनिधी

शोधयंत्राच्या पानावर सर्वांत वर दिसणारे नाव सर्वांत चांगले असतेच असे नाही, आणि 'ही वस्तू अवश्य घ्या' असे सांगणारा प्रत्येक जण निरपेक्ष असतोच असेही नाही. आपली एक 'क्लिक' कोण विकतो, कोण विकत घेतो आणि तिची किंमत अखेर कोणाच्या खिशातून जाते, याचा हा आढावा.

घर बदलायचे असो, आजोबांसाठी श्रवणयंत्र घ्यायचे असो किंवा दिवाळीत गावी जाण्यासाठी बसचे तिकीट काढायचे असो, शहरातील माणूस आज पहिला प्रश्न शोधयंत्राला विचारतो. पूर्वी हाच प्रश्न शेजाऱ्याला, कार्यालयातील सहकाऱ्याला किंवा नेहमीच्या दुकानदाराला विचारला जात असे. शेजाऱ्याचा सल्ला चुकीचा ठरण्याची शक्यता तेव्हाही होती. मात्र त्या सल्ल्यामागे त्याचे काही हितसंबंध आहेत का, हे आपल्याला साधारणपणे ठाऊक असे. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर मिळणाऱ्या उत्तराबाबत तसे सांगता येत नाही. तेथे दिसणाऱ्या दहा-बारा नावांपैकी काहींनी त्या जागेसाठी पैसे मोजलेले असतात. त्यातील एखाद्या नावावर आपण गेलो, की समोर येणारा 'पाच सर्वोत्तम वस्तू' असा लेखही बहुतेकदा विक्रीवर दलाली मिळविणाऱ्याने लिहिलेला असतो.

यात मुळात बेकायदा असे काही नाही. जाहिरात हा व्यापाराचा प्राण आहे आणि दलाली हा व्यापाराइतकाच जुना व्यवसाय आहे. प्रश्न उपस्थित होतो तो दलाली लपविली गेल्यावर, किंवा न केलेल्या कामाची दलाली उकळली गेल्यावर.

अडत जुनी, पेठ नवी

महाराष्ट्राला अडत्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. शेतकऱ्याचा माल बाजार समितीत विकून देणारा अडत्या आपली अडत घेतो, हे उघड असते. ही अडत कोणी द्यावी, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे वाद झाला आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. दुसरे उदाहरण वैद्यकीय क्षेत्रातील 'कट प्रॅक्टिस'चे. रुग्णाला विशिष्ट तज्ज्ञाकडे किंवा तपासणी केंद्राकडे पाठविण्यासाठी डॉक्टरने दलाली घेणे अनैतिक मानले जाते. त्याला आळा घालण्यासाठी राज्य सरकारने २०१७ मध्ये कायद्याचा मसुदाही तयार करविला होता. अडत मान्य आणि 'कट' अमान्य, असा भेद समाज करतो, त्याचे कारण सरळ आहे. अडत्या कोणाचा माणूस आहे हे सौद्यातील प्रत्येकाला माहीत असते. डॉक्टर मात्र आपल्या हिताचा विचार करतो आहे, असे समजून रुग्ण त्याच्यापुढे बसलेला असतो.

इंटरनेटवरील 'ॲफिलिएट' जाहिरात, म्हणजे सहयोगी विक्रेत्यांची साखळी, या दोहोंच्या मध्ये कोठे तरी उभी आहे. संगीताच्या सीडी विकणाऱ्या 'सीडीनाऊ' या अमेरिकी कंपनीने १९९४ मध्ये अशी योजना आखली. संगीतविषयक लेखन करणाऱ्या संकेतस्थळांनी आपल्या पानावरून ग्राहक पाठवावा आणि विक्रीतील वाटा घ्यावा, अशी ती व्यवस्था होती. त्यानंतर जुलै १९९६ मध्ये 'ॲमेझॉन' या त्या वेळच्या नवख्या पुस्तकविक्रेत्या कंपनीने 'असोसिएट्स' ही योजना सुरू केली आणि ही पद्धत जगभर रूढ झाली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने यातील सोय मोठी होती. वृत्तपत्रात किंवा दूरचित्रवाणीवर जाहिरात दिल्यास ग्राहक येवो न येवो, पैसे आधी मोजावे लागतात. येथे विक्री झाली तरच दलाली द्यायची होती.

शोधाचा लिलाव

शोधयंत्रावरील जाहिरातीचा इतिहासही याच काळातला. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या 'गोटू डॉट कॉम'ने शोधाच्या निकालातील जागांचा चक्क लिलाव सुरू केला. 'मोटारविमा' या शब्दासाठी जो जास्त बोली लावील, त्याचे नाव सर्वांत वर, असा रोखठोक नियम होता. या कंपनीवर टीका बरीच झाली. मात्र तिने एक गोष्ट प्रामाणिकपणे केली होती. कोणत्या जाहिरातदाराने किती बोली लावली आहे, हे निकालासमोर सर्वांना दिसत असे. पुढे तिचे नाव 'ओव्हर्च्युअर' झाले आणि २००३ मध्ये 'याहू'ने ती विकत घेतली.

त्याच १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या विद्यार्थ्यांनी आपल्या नव्या शोधयंत्राविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. जाहिरातीच्या पैशांवर चालणारे शोधयंत्र स्वाभाविकपणे जाहिरातदारांच्या बाजूला झुकेल आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाईल, असा इशारा त्यात त्यांनी दिला होता. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २००० मध्ये, याच दोघांच्या 'गुगल'ने 'ॲडवर्ड्स' ही जाहिरात योजना आणली. २००२ मध्ये तिला प्रत्येक क्लिकमागे पैसे आकारणाऱ्या लिलावाचे रूप मिळाले. आज जगातील सर्वांत किफायतशीर व्यवसायांत तिची गणना होते.

हा लिलाव चालतो कसा, ते समजून घेण्यासारखे आहे. केवळ बोलीवर निकाल लागत नाही. जाहिरात शोधणाऱ्याच्या कितपत उपयोगी पडेल, याचे गुणही शोधयंत्र देते. सोयीसाठी एक सोपे उदाहरण घेऊ. एका शब्दासाठी पहिल्या दुकानदाराने ४० रुपयांची बोली लावली आणि त्याच्या जाहिरातीला ५ गुण मिळाले. दुसऱ्याची बोली ३० रुपये आणि गुण ८. तिसऱ्याची बोली २० रुपये आणि गुण ६. बोली आणि गुण यांचा गुणाकार केल्यास अनुक्रमे २००, २४० आणि १२० असे आकडे येतात. म्हणजे कमी बोली लावूनही दुसरा दुकानदार सर्वांत वर जातो. शिवाय त्याला स्वतःची पूर्ण बोली भरावी लागत नाही. खालच्या स्पर्धकावर मात करण्यापुरती रक्कम, म्हणजे २०० भागिले ८, साधारण २५ रुपये, एवढेच त्याला एका क्लिकमागे द्यावे लागतात. प्रत्यक्षातील सूत्र यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. तत्त्व मात्र हेच.

या रचनेचा एक फायदा निर्विवाद आहे. निव्वळ पैशाच्या जोरावर असंबद्ध जाहिरात वर चढविणे त्यामुळे कठीण होते. परंतु गुण देणारा, लिलाव पुकारणारा आणि पैसे घेणारा एकच असतो, आणि गुण नेमके कशावरून दिले हे बोली लावणाऱ्याला पूर्णपणे कळत नाही. गुरांच्या बाजारात कापडाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची पद्धत होती. त्या व्यवहारात निदान दोघांना तरी भाव ठाऊक असे.

शेवटचा हात ज्याचा, दलाली त्याची

सहयोगी विक्रेत्याचा हिशेब कसा ठेवला जातो, हे पाहिल्याशिवाय त्यातील गैरप्रकारांचा उलगडा होणार नाही. समजा, एखाद्या संकेतस्थळावर प्रेशर कुकरची तुलना करणारा लेख आहे. त्यातील दुव्यावर टिचकी मारताच आपण विक्रेत्याच्या पानावर जातो. त्या पत्त्याला लेखकाचा एक सांकेतिक क्रमांक जोडलेला असतो आणि आपल्या संगणकात 'कुकी' नावाची छोटीशी नोंद ठेवली जाते. ठरावीक मुदतीत आपण खरेदी केली, की या नोंदीवरून लेखकाच्या खात्यात दलाली जमा होते. ही मुदत काही विक्रेत्यांकडे चोवीस तासांची, तर काहींकडे महिनाभराची असते.

मेख आहे ती 'शेवटच्या क्लिक'च्या नियमात. खरेदीपूर्वी ग्राहक चार ठिकाणी फिरून आला असेल, तर बहुतेक योजनांत शेवटच्या दुव्याला पूर्ण दलाली मिळते. ज्याने दोन आठवडे कुकर वापरून, तो घासून-पुसून लेख लिहिला, त्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि पैसे भरण्याच्या क्षणी 'सवलतीचे कूपन येथे मिळेल' असे सांगून मध्ये शिरलेला मात्र संपूर्ण वाटा घेऊन जातो. विकत घेण्याचा निर्णय ग्राहकाने आधीच केलेला असतो. दारापर्यंत आलेल्या गिऱ्हाइकाचे बोट धरून 'हे मी आणले' असे दुकानदाराला सांगण्यासारखाच हा प्रकार होय.

अलीकडे हा वाद पुन्हा पेटला तो 'हनी' या ब्राउजरमधील पूरक प्रणालीमुळे. सवलतीची कूपने आपोआप शोधून देणारी ही प्रणाली 'पेपाल'ने सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतली होती. खरेदीच्या शेवटच्या टप्प्यावर ती इतरांचे सांकेतिक क्रमांक पुसून तेथे आपला क्रमांक घालते, असा आरोप डिसेंबर २०२४ मध्ये एका यूट्यूब चित्रफितीतून झाला आणि त्यानंतर अमेरिकेत तिच्यावर दावे दाखल झाले. कंपनीने आपण उद्योगातील प्रचलित नियमांनुसारच वागत असल्याचे सांगितले. मार्च २०२५ मध्ये 'गुगल'ने 'क्रोम'साठीचे आपले नियम कडक केले. ग्राहकाला प्रत्यक्ष लाभ देत नसताना दलालीचा सांकेतिक क्रमांक घालण्यास त्यात मनाई करण्यात आली. प्रचलित नियम आणि न्याय्य नियम या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

दुसऱ्याच्या नावावर बोली

सहयोगी विक्रेता आणि शोधयंत्र यांची गाठ पडते, तेथे आणखी एक नाजूक प्रश्न उभा राहतो. एखाद्या नामांकित दुकानाचे नाव कोणी शोधयंत्रात लिहिले, तर त्या नावासाठी बोली कोणी लावावी? अनेक सहयोगी विक्रेते मूळ दुकानाच्याच नावावर बोली लावून वरची जागा मिळवितात आणि तेथून ग्राहकाला त्याच दुकानात पाठवून दलाली घेतात. प्रतिस्पर्धीही हेच करतात. फरक इतकाच, की ते ग्राहकाला आपल्या दुकानात नेतात. परिणामी मूळ दुकानदाराला स्वतःच्याच नावासाठी पैसे मोजण्याची वेळ येते.

भारतात या प्रश्नाचा सर्वाधिक गाजलेला खटला सामान हलविणाऱ्या व्यवसायातील होता. 'अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' हे नाव शोधल्यावर इतरांच्या जाहिराती दिसतात, अशी तक्रार घेऊन या नावाची मालक कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाच्या खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या निर्णयात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाचा शोधशब्द म्हणून वापर करणे एवढ्यावरून चिन्हाचा भंग होत नाही. ग्राहकाचा गोंधळ उडत असेल किंवा मूळ नावाचा अनुचित लाभ घेतला जात असेल, तर मात्र भंग होतो. दुसरे म्हणजे, या व्यवहारात 'गुगल' हा केवळ निष्क्रिय मध्यस्थ नाही, तो सक्रिय सहभागी आहे. त्यामुळे भंग सिद्ध झाल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्यातील मध्यस्थांचे संरक्षण त्याला आपोआप मिळणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'मेकमायट्रिप' आणि 'बुकिंग डॉट कॉम' यांच्यातील वादात याच न्यायालयाने, दोन्ही नावे ग्राहकांना सुपरिचित असल्याने गोंधळ संभवत नाही, असे म्हणून भंगाचा दावा अमान्य केला. युरोपीय न्यायालयाची २०१० मधील भूमिकाही साधारण अशीच होती.

कायद्याची बाजू अशी असली, तरी नावासाठी केलेला हा खर्च मुळात उपयोगी पडतो का, हा प्रश्न उरतोच. 'ईबे'मधील अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये एक प्रयोग केला. 'ईबे' या नावावरील जाहिराती त्यांनी काही शोधयंत्रांवर बंद केल्या. जाहिरातीतून येणाऱ्या ग्राहकांपैकी ९९.५ टक्के ग्राहक जाहिरातीविनाच, खालच्या नैसर्गिक दुव्यावरून आले! थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रत्येक व्यवसायाला हा निष्कर्ष लागू होणार नाही. नवे, फारसे परिचित नसलेले दुकान जाहिरातीवाचून शोधलेच जाणार नाही. परंतु नाव प्रस्थापित झालेल्या व्यापाऱ्याने आपण नेमके कशाचे पैसे भरतो आहोत, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

चोरवाटा

आतापर्यंतचे प्रकार नियमांच्या कडेकडेने जाणारे होते. यापुढचे सरळ फसवणुकीत मोडतात. पहिला प्रकार 'कुकी स्टफिंग'चा. वाचकाने कोणत्याही दुव्यावर टिचकी मारलेली नसताना, पानात दडविलेल्या अदृश्य चित्राच्या किंवा चौकटीच्या आधारे त्याच्या संगणकात दलालीची नोंद घुसविली जाते. पुढे काही दिवसांनी त्या वाचकाने स्वतःहून खरेदी केली, की दलाली भामट्याच्या खात्यात पडते. 'ईबे'च्या दोन सर्वांत मोठ्या सहयोगी विक्रेत्यांवर याच प्रकारासाठी अमेरिकेत २०१० मध्ये आरोपपत्र ठेवण्यात आले. त्यांपैकी एकाला ईबेकडून मिळालेली एकूण दलाली सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर होती. दोघांनीही गुन्हा कबूल केला आणि २०१४ मध्ये एकाला पाच, तर दुसऱ्याला पंधरा महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

दुसरा प्रकार बनावट क्लिकचा. प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीवर वारंवार टिचक्या मारून त्याचा दिवसभराचा जाहिरातखर्च सकाळीच संपवून टाकायचा, किंवा आपल्याच संकेतस्थळावरील जाहिरातींवर टिचक्या मारवून घेऊन उत्पन्न वाढवायचे, अशा दोन्ही तऱ्हा आढळतात. भारतात घरबसल्या जाहिरातींवर टिचक्या मारून पैसे मिळविणाऱ्यांचे वृत्त 'टाइम्स ऑफ इंडिया'ने मे २००४ मध्ये दिले, तेव्हा त्याची चर्चा जगभर झाली होती. अमेरिकेत जाहिरातदारांनी याच कारणास्तव 'गुगल'वर सामूहिक दावा दाखल केला. तो २००६ मध्ये ९ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. कालांतराने माणसांची जागा संगणकप्रणालींनी घेतली. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या 'एफबीआय'ने उघडकीस आणलेल्या एका प्रकरणात, जगभरातील सुमारे ४० लाख संगणकांत विषाणू सोडून त्यांवरील शोध आणि जाहिराती परस्पर दुसरीकडे वळविण्यात आल्या होत्या. त्यातून एस्टोनियातील टोळीने किमान १ कोटी ४० लाख डॉलर मिळविले, असे तपासयंत्रणेचे म्हणणे होते.

तिसरा प्रकार आपल्याकडील वाचकांना सर्वांत जवळचा आणि सर्वांत महाग पडणारा. बँकेचा किंवा एखाद्या कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक शोधयंत्रावर शोधायचा, आणि समोर आलेला क्रमांक भामट्याचा निघायचा! रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'बीअवेअर' या पुस्तिकेत शोधयंत्रावरील अशा क्रमांकांतून होणाऱ्या फसवणुकीबद्दल स्वतंत्र इशारा आहे. येथे व्यापाऱ्याची दलाली बुडण्यावर भागत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाचे खाते काही मिनिटांत रिकामे होते.

जबाबदार कोण?

अशा प्रत्येक प्रकरणात पहिला युक्तिवाद ठरलेला असतो. शोधयंत्र म्हणते, जाहिरात आमची नाही. जाहिरातदार म्हणतो, ते काम सहयोग्याने केले. सहयोगी म्हणतो, मी पुढे दुसऱ्याला नेमले होते. साखळी जितकी लांब, तितकी जबाबदारी पातळ होत जाते. मात्र हा बचाव प्रत्येक वेळी चालतोच असे नाही. अमेरिकेत बेकायदा औषधे विकणाऱ्या कॅनडातील ऑनलाइन औषधविक्रेत्यांच्या जाहिराती स्वीकारल्याबद्दल 'गुगल'ला ऑगस्ट २०११ मध्ये ५० कोटी डॉलर सरकारजमा करावे लागले. त्यापूर्वी, जानेवारी २००७ मध्ये, न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी 'प्राइसलाइन', 'ट्रॅव्हलोसिटी' आणि 'सिंग्युलर' या तीन कंपन्यांना जबाबदार धरले होते. लोकांच्या संगणकात संमतीविना शिरणाऱ्या प्रणालीतून या कंपन्यांच्या जाहिराती दाखविल्या जात होत्या. दंडाची रक्कम किरकोळ होती. तथापि आपल्या नावाची जाहिरात कोठे व कशी पोहोचते, याची चौकशी करणे हे जाहिरातदाराचेच कर्तव्य आहे, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले.

याहून मोठा प्रश्न पेठेच्या मालकाचा. भारतीय स्पर्धा आयोगाने ८ फेब्रुवारी २०१८ रोजी 'गुगल'ला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. शोधाच्या निकालात स्वतःच्या विमानप्रवासविषयक सेवेला झुकते माप दिल्याचा ठपका त्यात होता. 'ॲडवर्ड्स'च्या लिलावात मात्र आयोगाला गैर काही आढळले नाही. या आदेशाविरुद्ध 'गुगल'ने अपील केले. पुढे अमेरिकेत ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी, शोधसेवेत 'गुगल'ने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. आपले शोधयंत्र मोबाइल आणि ब्राउजरमध्ये आधीपासूनच बसविलेले असावे, यासाठी या कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले होते, हे सुनावणीत उघड झाले. स्पर्धेचे भय न बाळगता जाहिरातींचे दर वाढविणे तिला शक्य होते, असेही न्यायालयाने नमूद केले. हे वाढलेले दर दुकानदार शेवटी मालाच्या किमतीतच मिळविणार. अडत कागदोपत्री कोणाच्याही नावावर असो, तिचा भार ग्राहकाच्या पिशवीवर पडतो.

'जाहिरात' हा एक शब्द

छापील वृत्तपत्रात जाहिरातीला चौकट असते आणि बातमीसारख्या दिसणाऱ्या मजकुरावर 'जाहिरात' असे लिहिण्याचा संकेत आहे. हा संकेत मोडला तर काय होते, हे महाराष्ट्राने २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज'च्या वादात अनुभवले आहे. इंटरनेटवरही झगडा याच एका शब्दासाठी आहे.

अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जून २००२ मध्ये शोधयंत्र कंपन्यांना पत्रे पाठवून, पैसे घेऊन दाखविलेले निकाल स्पष्टपणे वेगळे दाखविण्यास सांगितले. हा फरक पुसट होत चालल्याचे नमूद करून २०१३ मध्ये आयोगाला पुन्हा पत्रे पाठवावी लागली. 'गुगल'वरील जाहिरातीमागे पूर्वी रंगीत पट्टा असे. त्याच्या जागी छोटी पिवळी खूण आली, २०१६ मध्ये ती हिरवी झाली आणि २०२२ पासून 'प्रायोजित' असा शब्द वापरण्यात येऊ लागला. प्रत्येक बदलाचे स्पष्टीकरण कंपनीने दिले. पण रंगीत पट्टा नजरेत भरतो आणि बारीक अक्षरांतील शब्द शोधावा लागतो, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

भारतात या संदर्भातील नियम गेल्या काही वर्षांत आकाराला आले. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियम केले. शिफारस करणाऱ्याचा वस्तूच्या विक्रेत्याशी आर्थिक किंवा अन्य संबंध असल्यास तो उघड करणे त्यानुसार बंधनकारक आहे. दिशाभूल सिद्ध झाल्यास १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला चकविणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी असून 'वेषांतर केलेली जाहिरात' ही त्यांपैकी एक आहे. नियम आहेत, मात्र लक्षावधी पानांवर लक्ष ठेवणारे डोळे कोठून आणायचे, हा प्रश्न कायम आहे.

दरम्यान पेठेचे रूप पुन्हा बदलते आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे दिलेल्या उत्तरांतही 'गुगल'ने ऑक्टोबर २०२४ पासून अमेरिकेत जाहिराती दाखविण्यास प्रारंभ केला. दहा दुव्यांच्या यादीत जाहिरात निदान वेगळी ओळखता येते. एकाच परिच्छेदाच्या उत्तरात सल्ला कोठे संपतो आणि जाहिरात कोठे सुरू होते, हे ओळखणे त्याहून अवघड होणार आहे.

प्रामाणिक दलाली अशक्य आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. वस्तू स्वतः वापरून पाहणारी, दोषही सांगणारी आणि 'या दुव्यावरून खरेदी केल्यास आम्हाला दलाली मिळते' असे लेखाच्या आरंभीच नमूद करणारी संकेतस्थळे आहेत. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१६ मध्ये 'वायरकटर' हे संकेतस्थळ विकत घेतले, ते याच प्रकारचे. लहान गावातील एखादी गृहिणी किंवा विद्यार्थी आपल्या अनुभवाच्या बळावर चार पैसे मिळवू शकतो, ही या व्यवस्थेची चांगली बाजू आहे. चोरट्यांमुळे आणि दलाली लपविणाऱ्यांमुळे पहिला घाव बसतो तो याच प्रामाणिक माणसांवर.

वाचकांनी काय पाहावे?

- शोधाच्या निकालात नावाच्या वर किंवा शेजारी 'प्रायोजित' असा शब्द आहे का, ते आधी पाहावे. खालचे चार-पाच नैसर्गिक दुवेही तपासावेत.

- बँक, विमा कंपनी, गॅस वितरक यांचे क्रमांक शोधयंत्रावरून घेऊ नयेत. ते पासबुक, कार्डाची मागील बाजू, बिल किंवा अधिकृत ॲपवरून घ्यावेत.

- 'सर्वोत्तम पाच' अशा लेखात दोष एकही सांगितलेला नसेल आणि प्रत्येक वस्तूखाली 'खरेदी करा' असेच बटण असेल, तर तो लेख जाहिरात समजून वाचावा.

- पैसे भरताना आपोआप उघडणाऱ्या कूपनांच्या खिडक्यांपासून सावध असावे. ब्राउजरमध्ये बसविलेल्या अनावश्यक पूरक प्रणाली काढून टाकाव्यात.

- लहान व्यापाऱ्यांनी आपल्या जाहिरातीवरील क्लिक कोणत्या शहरातून, कोणत्या वेळी येतात याचा अहवाल नियमित पाहावा. संशयास्पद क्लिकच्या परताव्यासाठी शोधयंत्र कंपनीकडे तक्रार करता येते. सहयोगी विक्रेते नेमताना, आपल्या नावावर त्यांनी बोली लावू नये, अशी अट करारात लेखी घालावी.

- दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. पैसे गेले असल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर फसवणूक साहाय्यवाणीवर दूरध्वनी करावा. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक असते.